लॉर्डच्या पोटातली भाकरी

पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून द्यावा लागतो अशा पोराला ‘मोठा लाटसाहेब लागून गेलास!’ असं आपण सहज म्हणतो. या लाटेचा समुद्राशी संबंध नाही. हा कंपनी सरकारच्या काळातला ‘लॉर्ड’. शिपाई आणि खानसामे यांच्या तोंडी गव्हर्नर जनरल झाला बडा लाट, सरसेनापती झाला जंगी लाट, आणि बिशपसाहेब झाले लाट पाद्री. दक्षिण इंग्लंडमधल्या साहेबांच्या जिभेवरचा ‘र’ 18व्या शतकात आधीच विरघळायला लागला होता. आपल्या लोकांनी तो पुरता सोडला, ‘ड’चा ‘ट’ केला आणि शब्द घरचा करून टाकला.

आपण इंग्रजी शब्दाची वाट लावली असं यावरून वाटेल. पण हा शब्द मुंबई-कलकत्त्याच्या बंदरात उतरला तेव्हाच नदीतल्या गोट्यासारखा झिजून गुळगुळीत झालेला होता. मुळात तो एक शब्द नव्हताच. दोन शब्दांचा समास होता, आणि त्यातला पहिला शब्द होता भाकरी.

जुन्या इंग्रजीतलं, म्हणजे साधारण 11व्या शतकापर्यंतच्या इंग्रजीतलं, त्याचं पूर्ण रूप ‘ह्लाफ्वेअर्ड’. ‘ह्लाफ’ म्हणजे भाजलेली भाकरी, पाव, रोटी, काय म्हणाल ते. आजचा ‘लोफ’ हाच. ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार. आजचा ‘वॉर्ड’ हा, आणि फ्रेंचांकडून फिरून आलेला ‘गार्ड’ही हाच, कारण जर्मन कुळातल्या शब्दारंभीच्या ‘व’चा फ्रेंच जीभ ‘ग’ करते. तेव्हा लॉर्ड म्हणजे भाकरीचा राखणदार.

ही व्युत्पत्ती ऐकायला इतकी गोड आहे की तिचा संशयच यावा. शब्दांच्या जगात गोड गोष्टी बहुधा खोट्या निघतात. मुंबईचं नाव पोर्तुगीज ‘बॉम बाईया’ म्हणजे ‘चांगला उपसागर’ यावरून आलं, असं अजून कितीतरी ठिकाणी छापलं जातं. पोर्तुगीजमध्ये ‘बाईया’ स्त्रीलिंगी आहे, तेव्हा विशेषण ‘बोआ’ हवं, ‘बॉम’ नव्हे. मूळ भाषा बोलणारा माणूस जी चूक करणार नाही, ती चूक गोष्ट रचणारा करतो. म्हणून ‘लॉर्ड’ची गोष्टही तपासूनच घ्यायला हवी. तपासायची रीत सोनाराच्या कसोटीसारखी आहे. दागिना किती चकचकीत आहे ते सोनार बघत नाही, दगडावर घासून रेघ बघतो.

इथली रेघ म्हणजे ध्वनिबदल. शब्दाच्या प्रवासात एखादा ध्वनी गळला असं म्हणायचं असेल, तर तो त्याच काळात, तशाच जागी, इतर शब्दांतूनही गळलेला दाखवता आला पाहिजे. एकट्या शब्दासाठी केलेला नियम हा नियम नसतो, ती पळवाट असते.

‘ह्लाफ्वेअर्ड’चे टप्पे एकेक करून घेऊ.

पहिली झीज शेवटाला झाली. जुन्या इंग्रजीत आघात शब्दाच्या आरंभी पडतो. आघात नसलेला उत्तरार्ध मग सावलीतल्या रोपासारखा खुरटतो. ‘वेअर्ड’मधला ‘व’ आपल्या पुढच्या स्वराला ओठांचा गोलावा देऊन स्वतः नाहीसा झाला आणि ‘ह्लाफोर्ड’ उरलं. हे फार लवकर घडलं. जुन्या इंग्रजीच्या ग्रंथांतून जवळपास सगळीकडे ‘ह्लाफोर्ड’च भेटतो. ‘ह्लाफ्वेअर्ड’ हे पूर्ण रूप भेटतं ते एकाच ठिकाणी, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या स्तोत्रसंहितेच्या 11व्या शतकातल्या हस्तलिखितात. लॅटिन क्रमानं 104 वं स्तोत्र आहे. मिसरच्या राजानं योसेफाला आपल्या घराचा अधिकारी नेमलं, असा तिथला मजकूर, आणि त्या ‘अधिकारी’साठी शब्द आलाय ‘ह्लाफ्वेअर्ड’. योसेफ म्हणजे सात वर्षांच्या दुष्काळाचा अंदाज घेऊन धान्याची कोठारं भरून ठेवणारा माणूस! एवढ्या एका उदाहरणावरही शंका घेता येते. भाषांतरकारानं झिजलेला शब्द मुद्दाम उसवून दाखवला असेल, किंवा तिथं त्याला ‘कोठीवरचा कारभारी’ एवढाच साधा अर्थ हवा असेल. पण उसवलेला असला तरी टाके कुठं होते हे त्याला माहीत होतं.

दुसरी गोष्ट लिहिण्याची नव्हे, उच्चाराची. जुन्या इंग्रजीत ‘फ’ दोन स्वरांच्या मध्ये आला की ‘व’ म्हणायचा. आजही ‘लोफ’चं अनेकवचन ‘लोव्ह्ज’ आणि ‘वाइफ’चं ‘वाइव्ह्ज’ होतं ते यामुळेच. तेव्हा लिहायचं ‘ह्लाफोर्ड’, म्हणायचं ‘ह्लावॉर्ड’.

तिसरी झीज सुरुवातीची. आरंभीच्या जोडाक्षरातला ‘ह’ गेला. तो एकट्या याच शब्दातून गेला नाही. ‘ह्रिंग’चा ‘रिंग’ झाला, ‘ह्नुतू’चा ‘नट’, ‘ह्लूद’चा ‘लाउड’. अख्खी रांग एकदम पडली, म्हणून या पायरीवर विश्वास ठेवता येतो. हा ‘ह्ल’ मराठी जिभेलाही झेपलेला नाही, पण आपण वेगळा तोडगा काढला. संस्कृतातला ‘प्रह्लाद’ आपण ‘प्रल्हाद’ केला, ‘आह्लाद’ला ‘आल्हाद’ आणि ‘चिह्ना’ला ‘चिन्ह’. आपण ‘ह’ला मागच्या बाकावर बसवलं, इंग्रजांनी वर्गातून हाकलला.

12व्या शतकात ओर्म नावाच्या एका भिक्षूनं बायबलातल्या उताऱ्यांवर लांबलचक पद्य लिहिलं. काव्य म्हणून ते फार रूक्ष आहे, पण भाषेच्या अभ्यासकांना तो खजिना वाटतो. ऱ्हस्व स्वरानंतर अक्षराचा शेवट व्यंजनानं होत असला की ओर्म ते व्यंजन हटकून दोनदा लिहितो. त्याच्याकडे हा शब्द ‘लाफेर्र्ड’ असा येतो. दोन ‘र’ सांगतात की त्या आधीचा स्वर आता ऱ्हस्व, बारका झालेला आहे. सुरुवातीचा ‘ह’ही गेलेला आहे. उच्चाराची नोंद करणारं यंत्र नसताना एका काटेकोर, कंटाळवाण्या माणसाच्या सवयीनं ही नोंद राहून गेली.

मग चौथी आणि सगळ्यात मोठी झीज, दोन स्वरांमधल्या ‘व’ची. ‘लोव्हर्ड’ म्हणता म्हणता ‘लोर्ड’ झालं (‘ला’चा ‘लो’ कसा झाला ते पुढच्या पायरीत येईल). ही झीज खरी कशावरून? ‘हेआफोद’ म्हणजे डोकं. त्याचं ‘हेवेद’, मग ‘हेड’. ‘हाफोक’ म्हणजे ससाणा. त्याचं ‘हावेक’, मग ‘हॉक’. चंडोल पक्ष्याला स्कॉटलंडमध्ये अजून ‘लाव्हरक’ म्हणतात, दक्षिणेत त्याचा ‘लार्क’ झाला. हेड, हॉक, लार्क, लॉर्ड या चौघांच्याही पोटात एकेक ‘व’ गडप झालेला आहे.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचं कारण नाही. प्राकृतानं आपल्याकडे हेच केलं, फक्त खाल्ले ते ‘क’, ‘ग’, ‘त’, ‘द’. सुवर्णकाराचा सोनार झाला, कुंभकाराचा कुंभार, देवकुलाचं देऊळ, राजकुलाचं राऊळ. आज ‘कुंभार’ म्हणताना त्यात घडवणारा ‘कार’ कुणाला ऐकू येतो? ‘माहेर’मध्ये मातृगृह आहे हे सांगावं लागतं. सांगितल्यावर मात्र सासरही आपोआप सुटतं, श्वशुरगृह. नियम हाताला लागल्याची खूण हीच की एका कुलपाची किल्ली शेजारच्या कुलपालाही लागते.

पाचवी पायरी स्वराची, आणि इथं भूगोल साक्षीला येतो. जुना लांब ‘आ’ हंबर नदीच्या दक्षिणेला ‘ओ’कडे सरकला. ‘स्तान’चा ‘स्टोन’ झाला, ‘हाम’चा ‘होम’, आणि ‘ह्लाफ’चा ‘लोफ’. उत्तरेत तो सरकला नाही. तिथं पुढे त्याचा ‘ए’ झाला. म्हणून स्कॉटलंडमध्ये घर ‘हेम’, दगड ‘स्टेन’, आणि जमीनदार ‘लेअर्ड’. लॉर्ड आणि लेअर्ड हे दोन शब्द नव्हेत, एकाच शब्दाची दोन गावची रूपं आहेत. आणखी एक साक्षीदार समुद्रापलीकडे सापडतो. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांनी हा शब्द इंग्रजीतून उसना नेला आणि ‘लावर्धर’ केला. त्यांच्या भाषेत राखणदाराला ‘वोर्धर’ म्हणायचे, म्हणून शेवट त्यांनी आपल्या ओळखीचा करून घेतला. बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं, पण चुकून का होईना, त्यांनी बरोबर जागी टाका घातला.

एवढ्या पायऱ्या जमल्या की व्युत्पत्ती उभी राहते. याउलट ‘स्ट्यूअर्ड’चं बघा. ‘स्टिगवेअर्ड’ हे त्याचं जुनं रूप पक्कं आहे, राखणदारही पक्का आहे. पण ‘स्टिग’ म्हणजे डुकरांचा खोपा, म्हणून स्ट्यूअर्ड म्हणजे डुक्करराख्या, आणि स्कॉटलंडचं स्ट्यूअर्ट राजघराणं डुकरं राखणाऱ्यांचं, ही पुढची मजा मात्र पुराव्याबाहेरची. ‘स्टिग’चा घर किंवा दिवाणखाना असाही अर्थ होता, आणि या समासात डुकरं होती असं दाखवणारी एकही ओळ नाही. ध्वनी जुळले तरी अर्थाला वेगळा पुरावा लागतो.

ध्वनींचं झालं. पण नुसत्या ध्वनीच्या झिजेनं समास आंधळा होत नाही. ‘सोनार’ झिजला तरी त्यातलं सोनं दिसतं, कारण सोन्याला आपण अजून सोनंच म्हणतो. ‘लॉर्ड’मधली भाकरी दिसेनाशी झाली त्याला दुसरंही कारण आहे. भाकरीनंच आपलं नाव बदललं. जुन्या इंग्रजीत प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आमची रोजची ह्लाफ आज आम्हाला दे’ असं म्हणत. ‘ब्रेआद’ हा शब्द तेव्हा होता, पण तो क्वचितच भेटतो, आणि त्याचा अर्थ तुकडा, घास. सन 1200च्या सुमारास तुकड्यानं भाकरीची जागा घेतली. पदार्थाचं नाव ‘ब्रेड’ झालं, आणि ‘लोफ’कडे उरला नुसता आकार, भाजलेला अख्खा गोळा. आपल्याकडे ‘भाकरतुकडा’ जोडीनं नांदतो. दारावर आलेल्याला ‘तुकडा वाढा’ म्हटलं तर भाकरीच वाढतात. तिकडं तुकडा जिंकला.

अर्थाचा सगळ्यात भक्कम पुरावा कायद्याच्या पोथीत आहे. केंटचा राजा एथेलबर्ट यानं सन 600च्या आसपास केलेले कायदे म्हणजे इंग्रजी भाषेतला सगळ्यात जुना कायदा. मूळ पोथी उरलेली नाही. रॉचेस्टरला 12व्या शतकात केलेली नक्कल आहे. त्यात एक कलम असं, की शेतकऱ्याच्या ‘ह्लाफ-ॲटा’ला कुणी ठार मारलं तर 6 शिलिंग भरपाई द्यावी. ‘ह्लाफ-ॲटा’ म्हणजे भाकरी खाणारा, म्हणजेच ज्याच्या घरी राबतो त्याच्या भाकरीवर जगणारा गडी. त्याच कायद्यात स्वतंत्र माणसाच्या जिवाची भरपाई 100 शिलिंग. एकाच्या नावात भाकरी राखण्याचा हक्क, दुसऱ्याच्या नावात ती खाण्याची लाचारी, आणि मधल्या अंतराला शिलिंगांत मोजलेली किंमत. ‘भाकरी खाणारा’ समोर उभा आहे म्हणूनच ‘भाकरी राखणारा’ ही कल्पना कवीची वाटत नाही, घरातली वाटते.

संस्कृतात हेच नातं एका धातूतून निघालं आहे. ‘भृ’ म्हणजे धारण-पोषण करणं. पोसणारा तो भर्ता, मराठीतला भ्रतार. जिला पोसायचं ती भार्या, ज्याला पोसायचं तो भृत्य. नवरा, बायको आणि नोकर यांची ओळख एकाच प्रश्नाच्या उत्तरावर बेतलेली: कोण कुणाला खायला घालतं? इंग्रजांनी मात्र धातूवर न थांबता पदार्थाचंच नाव घेतलं.

आपल्याकडे निष्ठेचा मामला भाकरीपेक्षा मिठावर जास्त ठरतो. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं. तिथं तो भाकरीवर ठरला. मालकाशी दगा करणाऱ्याला ‘ह्लाफोर्ड-स्विका’ म्हणत, आणि तो गुन्हा साधा नव्हता. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा 9व्या शतकातला राजा आल्फ्रेड, त्याच्या कायद्याच्या प्रस्तावनेत म्हटलंय की पहिल्या अपराधाला बहुतेक गुन्ह्यांत पैसे भरून सुटका देता येईल, धन्याशी केलेल्या दग्याला नाही. त्याचा नातू एथेलस्तान तर म्हणतो की ज्याला कुणी धनी नाही अशा माणसाला त्याच्या नातेवाइकांनी धनी शोधून द्यावा. बिनभाकरीचा माणूस नव्हे, बिनराखणदाराचा माणूस सरकारला धोकादायक वाटत होता.

आणि इथं या शब्दाची खरी लबाडी उघडी पडते. राखणदाराच्या कोठीत ही भाकरी येत कुठून होती? वेसेक्सचा राजा इने याच्या 7व्या शतकाच्या अखेरच्या कायद्यात हिशेबच दिलाय. 10 ‘हाइड’ जमिनीमागे (एक हाइड म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन) धन्याला द्यायचं ते असं: मधाची 10 पिंपं, 300 भाकऱ्या, वेल्श पद्धतीच्या बिअरची 12 मापं, नितळ बिअरची 30, दोन मोठ्या गायी किंवा 10 बोकडमेंढे, 10 हंस, 20 कोंबड्या, चीजचे 10 गोळे, मापभर लोणी, 5 सामन मासे, 100 वाम, शिवाय वैरण. भागाकार केला तर एका कुटुंबाच्या जमिनीमागे 30 भाकऱ्या वर जात होत्या. त्या वर गेल्या की मग त्यांचा एक राखणदार होणार, आणि त्यांतलीच काही खाली उतरताना ती धन्याची मेहेरबानी ठरणार. शेतकऱ्याला पोशिंदा म्हणायचं आणि पोशिंद्यानंच हात जोडून उभं राहायचं, हे आपल्याला नवीन नाही. फरक एवढाच की इंग्रजीनं पोशिंद्याची पदवी थेट धन्याच्या नावावर करून दिली.

मराठीत ‘ह्लाफ्वेअर्ड’च्या जवळ जाणारा शब्द आहे ‘कोठावळा’, धान्याच्या कोठीवरचा माणूस. किल्ल्या त्याच्याकडे, माप त्याच्याकडे. पण आपला कोठावळा राजा झाला नाही. तो आडनाव होऊन राहिला.

आता लॉर्डच्या बायकोकडे वळू, कारण या कुटुंबात खरी वजनदार तीच आहे. ‘लेडी’चं जुनं रूप ‘ह्लॅव्दिये’. पहिला भाग तोच, ह्लाफ. दुसरा भाग ‘दिये’ म्हणजे मळणारी, कणीक तिंबणारी. नवरा भाकरी राखतो, बायको कणीक मळते. पण एकाच ‘ह्लाफ’मधून एकीकडे ‘लॉ’ आणि दुसरीकडे ‘ले’ कसा? ‘दिये’मधल्या ‘इ’ची चाहूल आधीच्या ‘आ’ला लागली आणि तो तिच्याकडे झुकून ‘ॲ’ झाला. ‘फूट’चं ‘फीट’ आणि ‘मॅन’चं ‘मेन’ याच ओढीनं झालं. मग ‘व’ आणि ‘द’ एकमेकांना खेटून आल्यामुळे तो स्वर आखूड झाला. पुढे ‘व’ निखळल्यावर मोकळ्या जागेत पुन्हा लांबला, आणि 15व्या शतकापासून सगळ्याच लांब स्वरांची जी मोठी सरकासरकी झाली तीत ‘ला-दी’ची ‘लेडी’ झाली. तोच प्रवास ‘नामे’नं केला, ‘नेम’ झालं.

‘दिये’ हा भाग एकटा असा कुठे सापडत नाही. इथं कच्चा दुवा राहिला असता, पण त्याचे भाऊबंद भरपूर आहेत. ‘दॅये’ म्हणजे कणीक मळणारी बाई. तिच्याकडे पुढे दूधदुभतं आलं आणि तिच्या खोलीला नाव पडलं ‘डेअरी’. मळलेल्या पिठाला ‘डो’ म्हणतात तो हाच. गॉथिक या जर्मन कुळातल्या लुप्त भाषेत ‘दीगन’ म्हणजे मळणं. आणखी मागे गेलं की मूळ धातू येतो तो ‘धेघ्’ सारखा, ओल्या मातीला किंवा पिठाला हातानं आकार देणं. संस्कृतात त्याचा ‘दिह्’ झाला, लिंपणं, सारवणं. त्यातून आला आपला ‘देह’, लिंपून घडवलेला. ‘संदिग्ध’ही त्यातलाच. वर इतकं लिंपण चढलंय की खालचं काही दिसत नाही. डेअरीतला ‘डे’, पिझ्झावाल्याचा ‘डो’, लेडीतली ‘डी’ आणि तुकोबांच्या अभंगातला ‘देह’ एकाच परातीतले निघाले, हे पचायला जरा वेळ लागतो. पण ‘धेघ्’चा जर्मन कुळात ‘दिग्’ आणि संस्कृतात ‘दिह्’ होणं ठरल्या नियमानंच झालं आहे.

हाच धातू भिंतीही घालतो. ग्रीकमध्ये त्याचा ‘तैखोस’ म्हणजे तटबंदी झाला. अवेस्ताच्या भाषेत ‘पैरि-दएझ’ म्हणजे भोवती भिंत घातलेली बाग, ज्याचा ग्रीकांच्या तोंडून ‘पॅरडाइज’ झाला आणि अरबी-फारसीतून ‘फिर्दौस’. ऋग्वेदात ‘देही’ म्हणजे मातीचा तट. आता हे लक्षात ठेवून 10व्या शतकातल्या, इंग्लंडच्या मध्यभागातल्या मर्शिया राज्यात जा. आल्फ्रेडची मुलगी एथेलफ्लॅड नवऱ्याच्या पश्चात तिथं राज्य करत होती. त्या काळच्या अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात तिची पदवी ‘मर्शियनांची ह्लॅव्दिये’. राणी नव्हे. वेसेक्सच्या घराण्यात राजाच्या बायकोला राणी म्हणायची रीत नव्हती. या ‘कणीक मळणाऱ्या’ बाईनं केलं काय? डेन लोकांच्या विरुद्ध तटबंदीची ठाणी बांधत सुटली. 913 साली टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड, 914 साली वॉरिक. 917 साली डर्बी घेतलं, 918 साली लेस्टर तिच्या स्वाधीन झालं, आणि त्याच वर्षी 12 जूनला टॅमवर्थला ती वारली. मातीचे तट उभारणाऱ्या बाईच्या पदवीतच मातीच्या तटाचा धातू होता, आणि तिला ते कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

मळण्याआधी दळावं लागतं. दळणारीचं नाव मात्र कुठल्याही पदवीत नाही. ती कायद्यात भेटते, आणि भेटते तीही वाईट जागी. एथेलबर्टच्याच पोथीत राजाच्या दासींवर अत्याचार केला तर किती भरायचं त्याचे दर आहेत. वरच्या दासीसाठी 50 शिलिंग, ‘दळणाऱ्या दासी’साठी 25, तिसऱ्या दर्जाच्या दासीसाठी 12. ही रक्कमही तिला नाही, तिच्या मालकाला. आपल्याकडे जात्यावर बसणाऱ्या बायांच्या निदान ओव्या उरल्या.

‘ह्लाफ’चा आणखी एक समास कॅलेंडरात अडकून राहिला आहे. 1 ऑगस्ट म्हणजे ‘लॅमस’, मुळात ‘ह्लाफमॅस्से’. नव्या गव्हाची पहिली भाकरी चर्चमध्ये नेऊन तिच्यावर आशीर्वाद घ्यायचा दिवस. ‘फ’ आणि ‘म’ शेजारी आले, ‘फ’ ‘म’मध्ये विरला, आणि लोकांना तिथं ‘लॅम्ब’ म्हणजे कोकरू दिसायला लागलं. मग यॉर्कला कुळं त्या दिवशी कोकरू आणून देत असा खुलासाही तयार झाला. शब्दाचा अर्थ हरवला की लोक रिकामी जागा ठेवत नाहीत, जवळचा शब्द आणून बसवतात. 11व्या शतकातल्या एका हस्तलिखितात धान्य राखण्याचा तोडगा आहे: लॅमसच्या दिवशी पवित्र केलेल्या भाकरीचे चार तुकडे घ्यावेत आणि ते खळीघराच्या चार कोपऱ्यांत कुस्करून टाकावेत. त्या खळीघराला शब्द आहे ‘बेर्न’, आजचा ‘बार्न’. तोही समासच, ‘बेरे’ म्हणजे जव आणि ‘ॲर्न’ म्हणजे घर. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त होतं, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात. कोकणात नव्याची पुनव असते. पीक वेगळं, महिना थोडा मागंपुढं, पण पहिला घास आधी देवापुढं ठेवण्याची भीड तीच.

असे आंधळे झालेले समास इंग्रजीत किती तरी आहेत. ‘नॉस्ट्रिल’ म्हणजे नाकाचं भोक, ‘डेझी’ म्हणजे दिवसाचा डोळा. ‘शेरीफ’ म्हणजे ‘शीर’ या परगण्याचा ‘रीव्ह’, कारभारी. मुंबईत ही पदवी नगरपाल म्हणून मानानं टिकली. अरबी ‘शरीफ’शी तिचं काही नातं नाही, जरी नगरपाल शरीफ असावेत अशी अपेक्षा रास्त आहे. आणि क्रिकेटवेड्यांसाठी एक खुलासा: लंडनचं लॉर्ड्स मैदान कुणा उमरावांचं नव्हे. थॉमस लॉर्ड नावाच्या गृहस्थांनी ते चालवलं, त्यांचं आडनाव तिथं लागलं.

भाकरीचा माग काढताना शेवटी गाठ पडते ती कंपनीशी. गॉथिकमध्ये सोबत्याला ‘गह्लाइबा’ म्हणत, ‘सह-भाकर्‍या’, एका भाकरीतला. जर्मन टोळ्यांच्या शेजारात राहिलेल्या लॅटिननं या शब्दाचा साचा जसाच्या तसा उचलला: ‘कॉम’ म्हणजे सह, ‘पानिस’ म्हणजे पाव, मिळून ‘कंपानिओ’. हा शब्द फ्रँक लोकांच्या 6व्या शतकातल्या कायद्यात दिसतो. त्यातून ‘कंपॅनियन’, त्यातून ‘कंपनी’. लॅटिन ‘पानिस’चाच पोर्तुगीज ‘पांव’ झाला, आणि गोव्याच्या भट्ट्यांतून तो आपल्या वड्याखाली येऊन बसला. तेव्हा कंपनी सरकारचा लाटसाहेब म्हणजे शब्दशः एका पावात जेवणाऱ्यांच्या मंडळींनी नेमलेला भाकरीचा राखणदार. 1770 साली बंगालच्या दुष्काळात माणसं मरत असताना याच मंडळींनी महसुलाची वसुली थांबवली नव्हती.

पदव्या आणि संबोधनं इतर शब्दांपेक्षा लवकर झिजतात, कारण ती तोंडात सारखी असतात आणि ऐकणाऱ्याला ती अर्ध्यावरच कळलेली असतात. राजाचा राव झाला, पंडिताचा पंत झाला, साहेबाचा साब. ‘मॅडम’चं ‘मॅम’ झालं. ‘माय लॉर्ड’चं मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं ‘मिलॉर्ड’ चालत आलं. 2006 साली भारतीय बार कौन्सिलनं ‘युअर ऑनर’ सुचवून पाहिलं, तरी जुन्या सवयीचे वकील अजून ‘मिलॉर्ड’च म्हणतात. इंग्लंडच्या कोर्टांत तर घाईत बोलणाऱ्या बॅरिस्टरच्या तोंडी त्याचं ‘म्लड’ होतं. पहिला ‘म’ ‘माय’चा, म्हणजे तो या शब्दाचा नाहीच. ‘ह’ गेला, ‘फ’ गेला, ‘व’ गेला, ‘र’ही गेला. ‘ह्लाफ्वेअर्ड’मधलं पहिल्या भागाचं एक व्यंजन उरलंय, ‘ल’, आणि दुसऱ्या भागाचं एक, ‘ड’.